भेट ग्रंथांचे कपाट : सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे, ग्रंथनिवड उपसमित्या आणि ग्रंथपाल यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. तीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथनिवड उपसमितीवर काम करीत आहे. मी स्वतः कादंबरी लिहिलेली नाही, माझ्या घरात कोणी लेखक नाही आणि हे पत्र लिहावे असे मला कोणत्याही लेखकाने सुचवलेले नाही. माझा विषय एकच आहे : ज्या कादंबऱ्या लेखकांनी स्वतःचे पैसे घालून, कोणत्याही नामांकित प्रकाशनसंस्थेच्या आधाराविना काढल्या आहेत, त्या वाचकापर्यंत पोहोचाव्यात म्हणून आपल्या ग्रंथालयांनी काय करायला हवे. आपल्यापैकी अनेकांना हा विषय किरकोळ वाटेल. मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत तसाच वाटत होता.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद चालू होती. देवघेव विभागामागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, त्याला आम्ही ‘भेट ग्रंथांचे कपाट’ म्हणतो. किल्ली सापडायलाच अर्धा दिवस गेला. आत साधारण दोनशे पुस्तके होती, काही सुतळीने बांधलेली, काही अजून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली. बहुतेकांच्या पहिल्या पानावर लेखकाची सही, तारीख आणि ‘ग्रंथालयास सप्रेम भेट’ एवढी अक्षरे होती. दाखल क्रमांक एकावरही नव्हता, म्हणजे नोंदवहीच्या दृष्टीने ही पुस्तके आमच्याकडे नव्हतीच. मागच्या पानावर तारखेची चिठ्ठीही डकवलेली नव्हती. त्यातले एक पुस्तक मी हाती घेतले, कारण त्याच्या पाठीवर नावच छापलेले नव्हते आणि ते काय आहे हे उघडल्याशिवाय कळणे शक्य नव्हते.

ती 1876 ते 1878 च्या दुष्काळावरची कादंबरी होती. लेखक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कालवा निरीक्षक. पहिल्या प्रकरणात दुष्काळी कामावर तळ्याची माती उचलणारी एक बाई आहे. दिवसभराच्या मजुरीत मिळणारे रत्तलभर धान्य ती पदरात घेते, झोपडीत येऊन जमिनीवर ओतते आणि दाणे बोटाने दोन ढिगांत सारते : एक मुलासाठी, एक सासऱ्यासाठी. स्वतःसाठी तिसरा ढीग ती करीत नाही, आणि लेखकही त्याबद्दल अवाक्षर काढीत नाही. मी तिथेच, मोजदाद अर्धवट टाकून, कपाटाला टेकून चाळीस पाने वाचली. सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरीतले धान्य माणशी एक पौंडावर, म्हणजे रत्तलावर, आणले आणि पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, हे मी वर्गात अनेकदा एका वाक्यात सांगितले होते. त्या एका वाक्याचा अर्थ मला त्या दोन ढिगांनी सांगितला. पुढे कळले की हे पुस्तक आमच्या कपाटात सात वर्षे पडून होते आणि लेखक आमच्याच तालुक्यातले होते.

कादंबरीत दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. मुद्रणदोष जवळजवळ प्रत्येक पानावर होते, मधली पाच प्रकरणे सैल होती, आणि इंग्रज अधिकारी आजच्या सरकारी परिपत्रकाच्या मराठीत बोलत होते. कोणा जाणत्या संपादकाने हे हस्तलिखित एकदा हाताखालून घातले असते तर त्याची साठ पाने कमी झाली असती. तरीही पाटाचे पाणी, सांडवा, दगडी पिचिंग, मुकादमाची हजेरी, कुदळीने हाताला येणारे घट्टे यांविषयीची जाणकारी त्या पानांत होती, आणि ती कागदपत्रे चाळून येणारी नव्हती. हयातभर त्या कामात राहिलेला माणूसच ते लिहू शकतो.

आम्ही ते पुस्तक दाखल केले. मी स्वतः कोऱ्या कागदाची पट्टी कापून तिच्यावर ठसठशीत अक्षरांत नाव लिहिले आणि पुस्तकाच्या पाठीवर चिकटवले. पुस्तक नव्या पुस्तकांच्या मांडणीत ठेवून भागले नाही. महिनाभर त्याला कोणी हात लावला नाही. मग मी ते एका निवृत्त एसटी वाहकाच्या हाती दिले, जे आठवड्याला दोन कादंबऱ्या वाचतात आणि ज्यांचा शब्द आमच्या देवघेवीच्या खिडकीवर मानला जातो. आठव्या दिवशी ते परत आले आणि ग्रंथपालांना म्हणाले, “हे पुढं कुणाला द्यायचं ते मी सांगतो.” त्यांनी सांगितलेल्या तीन वाचकांनी ते नेले, त्या तिघांनी आणखी काहींना सांगितले. आज मागच्या पानावरची पहिली चिठ्ठी शिक्क्यांनी भरली आहे आणि तिच्यावर दुसरी डकवावी लागली आहे. पुस्तकाची एक ओळही बदललेली नव्हती.

हे घडवायला काय लागले, याचा मी पुष्कळ विचार केला. एक माणूस पुस्तक उघडायला तयार होता, आणि दुसरा त्यावर चार शब्द बोलायला. बस्स. छपाई ही आज अडचण राहिलेली नाही. तीनशे ते पाचशे प्रतींची आवृत्ती काढणे पेन्शनीतल्या माणसाला, थोडी काटकसर करून का होईना, जमते. मागणीनुसार एकेक प्रत छापून देण्याची सोय झाली आहे. ई-पुस्तक तर घरबसल्या काढता येते, आणि ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या उपक्रमांनी नव्या लेखकांची पुस्तके वाचकांना विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. अडचण आहे ती छापखाना आणि वाचक यांच्या मधल्या वाटेवर. पुस्तकाच्या दुकानदाराकडे जागा मोजकी, त्यामुळे तो खपणारी नावे ठेवतो आणि त्याला त्याबद्दल दोष देता येत नाही. प्रदर्शनांत तीच शंभर-दीडशे पुस्तके दरवर्षी मांडलेली दिसतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत परीक्षणांची जागा आक्रसत गेली आहे. इंटरनेटवर सगळे मिळते हे खरे, परंतु तिथे शोधण्यासाठी पुस्तकाचे किंवा लेखकाचे नाव आधी ठाऊक असावे लागते, आणि इथे नेमके तेच कोणाला ठाऊक नसते.

मग लेखक आपल्या दाराशी येतो. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. कापडी पिशवीत पाच-सात प्रती घेऊन, एसटीने प्रवास करून, एक साठीचा गृहस्थ किंवा एखादी गृहिणी ग्रंथालयात येते. आपण बसायला सांगतो, चहा मागवतो. दोन प्रती भेट म्हणून दिल्या जातात, कधी छायाचित्रही काढले जाते. “समितीपुढे ठेवतो” असे आपण म्हणतो. समितीपुढे ते जात नाही, कारण भेट आलेल्या पुस्तकावर निर्णय घेण्यासारखे काही नसते. खर्च नाही, बिल नाही, ठराव नाही. पुस्तक कपाटात जाते. आमच्याकडे दोनशे वेळा असे झाले, आणि त्यांतली शेवटची चार वर्षे मी त्या समितीवर होते, म्हणून ही चूक माझीही आहे.

विकत घेण्याच्या पुस्तकांची गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येते, आणि दुसरा हप्ता हाती पडेपर्यंत मार्च तोंडावर आलेला असतो. ग्रंथखरेदी त्या आठ-दहा दिवसांत उरकावी लागते. विक्रेता छापील यादी घेऊन येतो, तीवर टिकमार्क करायचे, सवलत किती ते ठरवायचे, आणि 31 मार्चच्या आत बिल लावायचे. अशा घाईत ज्याची पुस्तके एकगठ्ठा मिळतात आणि ज्याची सवलत अधिक, त्याला काम मिळते. एका कादंबरीच्या दोन प्रतींसाठी एका लेखकाला स्वतंत्र पत्र, स्वतंत्र बिल आणि स्वतंत्र धनादेश करणे लेखनिकाला जिवावर येते, आणि त्या लेखनिकाचा पगार पाहता मी त्याला बोल लावू शकत नाही. ग्रंथालय संचालनालयाकडून निवडक ग्रंथांची यादी प्रसिद्ध होते, तिचा उपयोग आहे. पण ज्या लेखकाला आपले पुस्तक कुठे, कधी, किती प्रतींत पाठवायचे हेच माहीत नाही, त्याचे पुस्तक त्या यादीच्या विचारातही येत नाही.

लेखकाने स्वतः वाचक शोधण्याची वेळ आपल्याकडे पहिल्यांदा आली आहे असे मात्र नाही. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभच तिथून आहे. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 मध्ये ज्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात येऊ लागली, त्याचे संपादक गुंजीकरच होते. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि आपल्या सामाजिक व ऐतिहासिक कादंबऱ्या त्यात क्रमशः छापल्या. हरिभाऊंना आज आपण मराठी कादंबरीचे अध्वर्यू म्हणतो, राज्य शासनाचा कादंबरीसाठीचा पुरस्कार त्यांच्या नावाने देतो. पण आपला वाचक त्यांनी आठवड्यामागून आठवडा, स्वतःच्या पत्रातून, स्वतः जमवला होता. साठच्या दशकात अनियतकालिके, म्हणजे ठरावीक मुदत नसलेली छोटी नियतकालिके, काढणाऱ्या तरुणांनी तेच केले. सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने वाचकालाच सभासद करून घेतले, पुस्तके त्याच्याकडे नेली, आणि ज्यांची नावे तोपर्यंत कोणी ऐकली नव्हती अशा लेखकांची आत्मकथने घरोघर पोहोचवली. या सगळ्यांत समान धागा असा की, ओळखीच्या माध्यमावर विश्वास ठेवून वाचकाने अनोळखी लेखक हाती घेतला. ‘करमणूक’चा वर्गणीदार पुढचा अंक उघडायचा तो त्या पत्रावरच्या विश्वासाने.

आज तालुक्याच्या आणि खेड्याच्या पातळीवर असा विश्वास कोणाजवळ शिल्लक असेल तर तो ग्रंथपालाजवळ आहे. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. रत्नागिरीचे 1828 चे, नाशिकचे 1840 चे, पुण्याचे 1848 चे वाचनालय ही तर त्याआधी शंभराहून अधिक वर्षे चालत आलेली घरे. यांतल्या एक हजार ग्रंथालयांनी जरी एखाद्या चांगल्या अनोळखी कादंबरीची एकेक प्रत घेतली, तरी त्या लेखकाची आवृत्ती दोनदा संपते. पैशाहून मोठी गोष्ट अशी की, वाचकाला अनोळखी लेखकाशी जुगार खेळावा लागत नाही. चारशे रुपये मोजून घेतलेली कादंबरी विसाव्या पानावर कंटाळवाणी निघाली तर तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. ग्रंथालयातून नेलेली कादंबरी त्याच परिस्थितीत तो दुसऱ्या दिवशी परत करतो आणि दुसरी नेतो. नव्या लेखनाला हवी असते ती ही मोकळीक, आणि ती फक्त आपण देऊ शकतो. डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले तिसरे, ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’, आपल्या ग्रंथपालांनी प्रमाणपत्र परीक्षेसाठी पाठ केलेले असते. त्या सूत्रात लेखक प्रसिद्ध असावा अशी अट नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे, याविषयी. माझ्या मते याचा नमुना आपल्याच ग्रंथालयांत, दरवर्षी, डोळ्यांसमोर चालू असतो. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने अंक वाचण्यात घालवतो. आपली बहुतेक ग्रंथालये दिवाळी अंक योजना चालवतात : सभासद वेगळी वर्गणी भरतो, आणि रोज एक अंक बदलून नेतो. या दिवसांत एक विलक्षण गोष्ट घडते, जिच्याकडे आपण कधी नीट पाहिलेले नाही. जो वाचक वर्षभर ठरावीक पाच लेखकांपलीकडे जात नाही, तोच दिवाळीत पन्नास अनोळखी नावे वाचतो. त्याला त्यात धोका वाटत नाही. अंक फिरता असतो, वर्गणी एकदाच भरलेली असते, आणि खिडकीवर उभे राहिले की “अमक्या अंकातली अमकी कथा पाहिलीत का?” असे कोणीतरी विचारतेच. गोडी तिथे लागते.

मग हीच योजना उन्हाळ्यात स्वतंत्र लेखकांच्या कादंबऱ्यांसाठी का चालवू नये? एप्रिल ते जून हे महिने आपल्याकडे तसे मंद असतात. वीस ते पंचवीस कादंबऱ्यांचा एक संच करावा, त्यात सामाजिक, ऐतिहासिक, कौटुंबिक असे सर्व असावे, अल्प वर्गणी ठेवावी आणि दिवाळी अंकांप्रमाणेच पुस्तके फिरवावीत. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद बांधावा, ज्यावर परत करणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या. आमच्या वाहक काकांच्या दोन ओळींनी जे काम केले ते कोणत्याही जाहिरातीने केले नसते. हंगाम संपल्यावर ज्या पुस्तकांविषयी वाचक आपणहून बोलले, ती कायम संग्रहात घ्यावीत आणि लेखकाला बोलवून वाचकांसमोर बसवावे. हारतुरे नकोत, सत्कार नको. फक्त ज्यांनी पुस्तक वाचले आहे अशा पंधरा माणसांनी त्याला प्रश्न विचारावेत. आमच्या कालवा निरीक्षकांना आम्ही असे बोलावले होते. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने त्यांना विचारले, “त्या बाईने तिसरा ढीग का नाही केला?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले की सात वर्षांत हे पान वाचलेले पहिलेच माणूस त्यांना भेटते आहे.

लहान ग्रंथालयाला एवढ्या पुस्तकांचा संच परवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे. शासनाच्या वर्गवारीत सर्वांत खालच्या, ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाची आर्थिक अवस्था मला ठाऊक आहे. पण त्यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना आणून संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली, आणि तिचा एक भाग म्हणजे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. लाकडी पेटीत पुस्तके भरायची, एका गावाला पाठवायची, तिथे वाचून झाली की पुढच्या गावी. एका तालुक्यातल्या सहा ग्रंथालयांनी चार-चार कादंबऱ्या घेतल्या तर चोवीसांचा संच होतो, आणि महिन्यागणिक पेटी पुढे सरकली तर सहाही गावांना सगळी पुस्तके वाचायला मिळतात. पेटीबरोबर ते वाचकांच्या दोन-दोन ओळींचे कागदही फिरतील. एका गावच्या वाचकाचे मत दुसऱ्या गावच्या वाचकाने वाचणे, ही मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

ऐतिहासिक कादंबरीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण माझ्या दृष्टीने स्वतंत्र लेखकांची सर्वांत मोठी देणगी तिथे आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीने छत्रपतींचा काळ आणि पेशवाई यांना भरभरून दिले आणि वाचकानेही ते डोक्यावर घेतले. त्यात कमीपणा काही नाही. पण व्यावसायिक प्रकाशक, जोखीम नको म्हणून, नव्या लेखकाकडेही तेच मागतो. त्यामुळे महाराष्ट्राच्या इतिहासाचा केवढा तरी भाग कादंबरीबाहेर राहतो किंवा तिच्या कडेवर उभा असतो. 1863 मध्ये गाड्यांसाठी खुल्या झालेल्या भोर घाटाच्या रेल्वेमार्गावर सुरुंगांशी काम करणारे मजूर, 1896 नंतरच्या प्लेगमध्ये गावाबाहेरच्या झोपड्यांत राहिलेली कुटुंबे, 1921 च्या मुळशी सत्याग्रहात धरणासाठी जमीन सोडायला नकार देणाऱ्या मावळातल्या बाया, 1967 च्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपाने घर गमावलेली माणसे, 1972 च्या दुष्काळात खडी फोडणारी पिढी, 1982 च्या संपानंतर गिरणगावातून कोकणात परतलेले कामगार : यांच्या आठवणी त्या त्या गावात अजून जिवंत आहेत किंवा आत्ताच मावळत आहेत. त्या लिहायला बसतो तो त्या गावचा शिक्षक, तलाठी, परिचारिका, गिरणी कामगाराची मुलगी. मोठ्या शहरातल्या प्रकाशकाशी त्यांची ओळख नसते आणि त्यांच्या विषयाला ‘मार्केट’ नाही असे त्यांना सांगितले जाते. मार्केट नसेल; पण ज्या गावची ती कथा आहे त्या गावच्या ग्रंथालयात तिला वाचक नसेल हे मी मानायला तयार नाही. मुळशी तालुक्यातल्या ग्रंथालयाने मुळशीवरची कादंबरी शोधून ठेवायची नाही तर कोणी ठेवायची?

इतिहासावरच्या पुस्तकांना समित्या बिचकतात हेही मी पाहिले आहे. कोणाच्या भावना दुखावतील, कोण मोर्चा आणेल, उगाच वाद नको. ही भीती निराधार नाही, आणि तिच्यावरचा उपायही पुस्तक न वाचता बाजूला ठेवणे हा नाही. अशी कादंबरी समितीतल्या किमान दोघांनी आधी पूर्ण वाचावी. परिसराचा इतिहास जाणणारी एखादी व्यक्ती प्रत्येक तालुक्यात असते. तिचे मत घ्यावे. आणि लेखकाकडे एकच आग्रह धरावा : कोणत्या व्यक्ती व घटना कागदोपत्री आहेत आणि कोणत्या त्याने रचल्या आहेत, हे त्याने पुस्तकाच्या शेवटी दोन पानांत स्पष्ट लिहावे. चांगल्या लेखकाला याचे ओझे होत नाही. ज्याला होते, त्याच्या पुस्तकाविषयी सावध राहण्यास आपण मोकळे आहोत.

स्वतंत्र लेखकांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल तर त्यांनाही नम्रपणे चार शब्द. त्या कपाटातल्या दोनशे पुस्तकांपैकी मी जवळजवळ सत्तर कादंबऱ्या आतापर्यंत उघडल्या. बहुतेकांची तीस पाने पुढे वाचवली नाहीत, आणि त्याचे कारण विषय हे क्वचितच होते. मुद्रितशोधन न केलेले पुस्तक वाचकाच्या हाती देणे हा त्याच्या वेळेचा अपमान आहे. पहिली तीन प्रकरणे प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि मान्यवरांच्या शुभेच्छांनी भरू नका. पुस्तकाच्या पाठीवर नाव छापा. फडताळात उभ्या पुस्तकाची तेवढीच ओळख दिसते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो आणि स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. आणि 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. स्वतः प्रकाशक झालात की हे कर्तव्य तुमचे. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली म्हणून कितीतरी विसरलेल्या लेखकांचा आज निदान पत्ता लागतो. पुढच्या सूचिकाराला तुमचे पुस्तक कुठेतरी सापडले पाहिजे.

पुन्हा आपल्याकडे वळते. पैशाविषयी एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. ग्रंथालयाने स्वतंत्र लेखकाकडून पुस्तक भेट मागू नये. ज्याने आवृत्तीसाठी स्वतःची शिल्लक मोडली आहे, त्याच्याकडून दोन प्रती फुकट घेऊन त्या कपाटात बंद ठेवणे हा व्यवहार आपल्याला शोभत नाही. एका लेखिकेने मला सांगितले की एका वितरकाने तिच्याकडे छापील किमतीच्या निम्म्याहून अधिक सवलत मागितली होती, आणि ती दिली असती तर छपाईचा खर्चही निघाला नसता. आपण नेहमीची ग्रंथालय सवलत घ्यावी, उरलेले पैसे वेळेवर द्यावेत. दहा-बारा हजार रुपयांची तरतूद वर्षाच्या आरंभी, मार्चची वाट न पाहता, या एका कामासाठी बाजूला काढली तर मोठ्या ग्रंथालयाला ती जाणवणारही नाही. जे भेट म्हणून आलेच आहे, ते महिन्याच्या आत दाखल करावे, समितीतल्या एकाने त्याची तीस पाने वाचावीत आणि ‘घ्यावे’ किंवा ‘परत करावे’ असा सही-तारखेसह शेरा मारावा. परत केलेले पुस्तकही लेखकाला काही सांगते. कपाट काहीच सांगत नाही.

आमच्या कार्यकारी मंडळाने गेल्या बैठकीत यांतल्या तीन गोष्टी ठराव करून मान्य केल्या : भेट ग्रंथांची मासिक नोंद, उन्हाळी कादंबरी योजना, आणि शेजारच्या दोन ग्रंथालयांशी पेटीची देवाणघेवाण. कपाटातल्या उरलेल्या एकशे तीसेक पुस्तकांचे वाचन आम्ही पाच जणांनी वाटून घेतले आहे. आपल्याही ग्रंथालयात असे कपाट असणार. माझी विनंती इतकीच की पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि तो ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलू नये, कारण तिथवर येईपर्यंत निम्मे सदस्य उठून गेलेले असतात. बैठकीपूर्वी कोणीतरी किल्ली शोधून ठेवावी, आणि कपाटातली कोणतीही एक कादंबरी टेबलावर आणून तिचे पहिले पान मोठ्याने वाचावे.

आपली नम्र,
सोलापूर जिल्ह्यातील एका तालुका ग्रंथालयाची सभासद